म्हाळसेची बाजू

आमच्या कारखान्याच्या माळ्यावर एक रबरी साचा पडून आहे. साडेतीन फुटी मूर्तीचा. वरचं प्लास्टरचं कवच दोन ठिकाणी तडकलंय आणि आत उंदरांनी काथ्या ओढून घर केलंय. मागच्या वर्षी साफसफाई करताना मुलीने तो उलटा करून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, गणपतीचाच साचा आहे ना? मग याला पोट का नाही?"

तिचा प्रश्न बरोबर होता. 2015 साली माझ्या बाबांनीही हाच प्रश्न विचारला होता, फक्त जरा चढ्या आवाजात. तो साचा 'जय मल्हार'चा.

पेणचे गणपती जगभर जातात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पेण शहरात आणि बाहेर हमरापूर, जोहे, कळवे, दादर या गावांत घराघरांत कारखाने आहेत. आम्ही त्याला कारखानाच म्हणतो, मग तो पत्र्याच्या पडवीत का असेना. आमचं घर जोह्याच्या बाजूचं. आजोबा शाडूत काम करायचे. बाबांचा हात आखणीचा, म्हणजे डोळ्यांचा. मी ओतकाम, रंगकाम, हिशेब, गाडी भरणं, पडेल ते करतो. या धंद्यात राहून मला एक गोष्ट कळली. लोकांच्या मनात त्या त्या साली कोण बसलाय ते पेणेत आधी कळतं. आजोबा सांगायचे की स्वातंत्र्याच्या काळात गांधींच्या, सुभाषबाबूंच्या रूपातले गणपती घडत. 'रामायण' आलं तेव्हा गणपतीच्या हातात धनुष्य आलं. 'बाहुबली' आला तेव्हा खांद्यावर शिवलिंग आलं. लोक पडद्यावर बघतात, मनात ठेवतात आणि ते आमच्याकडे ऑर्डर म्हणून येतं.

पण ही गोष्ट मूर्तींची नाही, बघणाऱ्यांची आहे. त्यातही माझ्या रोह्याच्या आत्याची.

आमच्या आळीत पहिला टीव्ही आला 1985 साली, एका मोठ्या कारखानदाराच्या घरी. मुंबईचं दूरदर्शन 1972च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं होतं, म्हणजे आमच्यापर्यंत यायला त्याला तेरा वर्षं लागली. हवेतल्या हवेत मुंबई इथून काही लांब नाही, मध्ये खाडी आणि खारेपाट. उंच बांबूवर अँटेना बांधला आणि मुंबईकडे फिरवला की चित्र स्वच्छ यायचं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. ओटीवर पुरुष, आत बायका, खिडकीच्या गजांना आम्ही पोरं. त्याआधी आमच्या घरात रहस्य नि अद्भुत म्हणजे आजोबांची पत्र्याची पेटी. तिच्यात नाथमाधवांचं 'वीरधवल' आणि बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या, काळापहाडच्या कादंबऱ्यांची फाटकी चळत. आजीला वाचता येत नव्हतं. आजोबा रात्री कंदिलाजवळ मोठ्याने वाचायचे आणि ती शिव्या द्यायची, खलपुरुषाला. आजोबा थांबून म्हणायचे, "अगं, पुढचं पान तर ऐक." ती म्हणायची, "पुढच्या पानात तो सुधारनार हाय का?"

हे मी मुद्दाम सांगतो. हल्ली म्हणतात की टीव्हीने लोकांना वेडं केलं, पात्रं खरी वाटायला लागली. आमच्या आजीला ती कंदिलाच्या उजेडातही खरीच वाटत होती.

त्याच वर्षी रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' लागली. अरुण गोविल विक्रम. पुढे 25 जानेवारी 1987ला 'रामायण' सुरू झालं आणि तोच माणूस राम. रविवारी सकाळी कारखाने बंद, पेणच्या बाजारात शुकशुकाट, टीव्हीला हार, समोर उदबत्ती. आजीने पहिल्याच दिवशी राम ओळखला. म्हणाली, "यो तर आपला विकरम." आणि वनवासाचा प्रसंग आला तेव्हा सगळ्या बायका कैकेयीच्या नावाने बोटं मोडत होत्या, आमची आजी मात्र शांत. तिचा हिशेब वेगळा होता. याने मागे भूत पाठीवर घेतलं होतं, आता भोगतोय. बायका हसल्या. मला आज वाटतं, एका पात्राचं आयुष्य दोन मालिकांतून सलग जुळवून बघणारी ती एकटीच होती.

बघणारा काही नुसता बघत नाही, तो गोष्टही फिरवतो. 'रामायण' 31 जुलै 1988ला रामराज्याभिषेकावर संपलं. पुढची गोष्ट, सीतात्यागाची नि लवकुशांची, दाखवायची ठरलेली नव्हती. उत्तरेकडे वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या सफाई कामगारांनी बऱ्याच शहरांत संप केला. ज्या भागात आमचे वाल्मीकी येतात तोच तुम्ही गाळता काय, हा सवाल. सरकारला हलावं लागलं आणि त्या ऑक्टोबरपासून उत्तररामायण सुरू झालं. कचऱ्याचे ढीग साठले म्हणून गोष्ट पुढे गेली, अशी ही आपल्या देशातली मोठी घटना. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

त्या सुमारास मी सुट्टीत रोह्याला आत्याकडे होतो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. 1975ला लग्न होऊन रोह्यात गेली. घर कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीच्या बाजूला. आत्याच्या यजमानांना आम्ही काका म्हणायचो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, माणूस देखणा, बोलायला गोड, धावीर महाराजांच्या पालखीत सगळ्यांच्या पुढे. दसऱ्यानंतर रोह्यात पालखी निघते, पोलीस धावीर महाराजांना बंदुकीची सलामी देतात, त्या सलामीच्या वेळी काका मला खांद्यावर घ्यायचे. तर रोह्याला डोंगराच्या आडोशामुळे टीव्हीवर मुंग्या फार. त्या मुंग्यांतून सीता रथात बसून अरण्यात निघाली होती आणि तिला अजून माहीत नव्हतं. शेजारच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. आत्या उठली आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी. मी मागे गेलो तर म्हणाली, "बघ तू. मना ठाव हाय पुढं काय ते."

मला वाटलं, तिला गोष्ट माहीत आहे म्हणून कंटाळली. मी चौदा वर्षांचा. काकांचं नागोठण्याच्या वाटेवर दुसरं घर आहे हे आख्ख्या रोह्याला आणि आमच्या घरात थोरांना ठाऊक होतं. पोरांना कुणी सांगत नसे. आणि आत्यासमोर कुणीच बोलत नसे. ती स्वतः तर नाहीच नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो. 'चंद्रकांता' 1994ला आली आणि आमच्या कारखान्यातली पोरं वर्षभर एकमेकांना 'यक्कू' म्हणून हाक मारत होती. क्रूरसिंग खलनायक, पण राजकुमाराचं कुणालाच काही नव्हतं, सगळे क्रूरसिंगाची वाट बघायचे. अखिलेंद्र मिश्रांनी भुवया अशा वर नेल्या होत्या की बाबा त्या वर्षी महिषासुराची आखणी करताना नकळत तशाच ओढून बसले. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी 1888ची. शंभर वर्षांपूर्वीचा खलपुरुष जोह्याच्या पडवीत पोरांच्या तोंडी यावा ही गंमतच. 1997ला 'शक्तिमान' आला आणि माझा पुतण्या गिरक्या घेत तयार मूर्तीवर आदळला. सोंड तुटली. त्याला मार पडला, शक्तिमानला नाही.

'सीआयडी' 1998च्या जानेवारीत सुरू झालं. शिवाजी साटम आम्हाला आधीपासून ठाऊक होते, मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मधून. त्यामुळे हिंदी बोलणारा एसीपी प्रद्युम्न हा आपलाच माणूस, मुंबईला बदली होऊन गेलेला, असं बाबांना शेवटपर्यंत वाटायचं. 2025च्या एप्रिलमध्ये त्याच प्रद्युम्नला मालिकेत मेलेला दाखवला तर लोक खवळले, आणि थोड्याच दिवसांत तो परत आला. ज्यांना हे नवीन वाटलं त्यांना एक जुनी गोष्ट सांगायला हवी. विलायतेत कॉनन डॉयलने 1893 साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मारलं. वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला, कित्येकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. डॉयल दहा वर्षं तग धरून राहिला. 1903ला होम्स जिवंत होऊन परतला. आपले लोक तेवढे दिवस थांबले नाहीत इतकाच फरक.

आता 'जय मल्हार'.

झी मराठीवर ही मालिका 18 मे 2014ला सुरू झाली. निर्मिती महेश कोठारेंची, खंडोबा झालेला देवदत्त नागे अलिबागचा. त्यामुळे पेणमध्ये पहिल्या आठवड्यापासून 'आपल्या जिल्ह्यातला देव' अशी भाषा. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे घरात तर विचारायलाच नको. संध्याकाळी सात वाजले की कारखान्यातल्या रंगाच्या बायकांचे हात थांबायचे. त्या साली मे महिन्यापर्यंत आमचा कच्चा माल तयार झालेला होता, म्हणून तयार मूर्तींना पिवळा फेटा, भंडारा, कमरेला खड्ग असं करून गिऱ्हाइकाचं समाधान केलं. पण 2015साठी जानेवारीतच मुंबईच्या मंडळांचे, व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. मल्हार पाहिजे. फेट्यावर भागणार नाही, अंगकाठी तीच पाहिजे. छाती पाहिजे, दंड पाहिजेत.

बाबा तेव्हा सत्तरीत होते. साच्याचं पहिलं मॉडेल बघितलं आणि म्हणाले, "गनपतीचा पोट काढून घेतलास तर ऱ्हायला काय?"

मी म्हटलं, लोकांना आवडतं.

"लोकांना मल्हारी आवडतो तर मल्हारी घ्या. देवाला देवाचे कपडे नेसवा. देवाला नटाचा देह लावू नका."

बापलेकांत आठ दिवस अबोला. शेवटी मी साचा केला, पण डोळे आखायला बाबांनी साफ नकार दिला. म्हणाले, या अंगावर माझे डोळे बसणार नाहीत. त्या मूर्तींची आखणी मी केली. खोटं कशाला बोलू, बाबांचं म्हणणं खरं होतं. शांत, अर्धवट मिटलेले, गणपतीचे म्हणून जे डोळे पेणने शंभर-सव्वाशे वर्षांत घडवले, ते त्या दंडांवर बसेनात. मी थोडे ताणून आखले. माल मात्र सगळा गेला.

पहिली मूर्ती मी मोठ्या हौसेने आत्यासाठी काढून ठेवली. दरवर्षी तिचा गणपती आमच्याकडूनच जातो. गाडी घेऊन रोह्याला गेलो, मूर्तीवरचा कपडा काढला. आत्याने बघितलं, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला प्यायला दिला आणि म्हणाली, "ही परत ने."

का, काय झालं, रंग आवडला नाही?

"माझ्या घरात दोन बायकांचा देव नाय बसनार."

काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. पेपर हलला नाही.

त्याचं असं होतं. तोवर मालिकेत बानूचं प्रकरण रंगात आलं होतं. खंडोबाची कथा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. म्हाळसा लग्नाची, लिंगायत वाण्याच्या घरची. बानू धनगराची. देव तिच्यासाठी वेष पालटून मेंढरं राखायला राहिला. जेजुरीच्या गडावर बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर आहे, कारण सवतींचं पटेना, असं सांगतात. ही गोष्ट वाघ्या-मुरळींनी जागरणात शेकडो वर्षं गायली. त्यात देवाची थट्टा होते, दोघी भांडतात, लोक हसतात. पण जागरण एका रात्रीत संपतं. मालिका रोज येते. रोज म्हाळसा वाट बघते, रोज तिला कुणीतरी काहीतरी सांगायचं टाळतं. गाण्यात जे दोन कडव्यांत संपत होतं ते टीव्हीवर महिनोन् महिने चाललं, आणि त्यामुळे गावोगावच्या बायकांना पहिल्यांदा म्हाळसेच्या घरात बसायला वेळ मिळाला.

आमच्या गिरणीत यावरून भांडणं झालेली मी ऐकली आहेत. दळण टाकून बायका उभ्या, आणि एक म्हणते बानू बिचारी साधी आहे, दुसरी म्हणते साध्याच असतात त्या. डोंगराकडच्या धनगरवाडीहून एक बाई आमच्याकडे तूप घेऊन यायची. ती एकदा कमरेवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली, "बानू आमची हाय. देव आमच्या दारी आला, आमी त्याच्या दारी नाय गेलो." त्यावर गिरणीत कुणालाच बोलायला सुचलं नाही. मलाही आजवर सुचलेलं नाही.

आत्याला दुसरी मूर्ती नेऊन दिली, नेहमीची, पीतांबर नेसलेली, पोटवाली. परतताना गाडीत बसलो आणि मग मला 1988ची घासलेली भांडी आठवली. चाळीस वर्षांच्या संसारात आत्या त्या विषयावर बोललेलं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही देवावर घालून. तिला तसं बोलायला जागा कुणी दिली नव्हती. माहेरी आली की आजी म्हणायची, धीर धर. बाबा विषय बदलायचे. आम्ही सगळेच बदलायचो. काकांनी आणलेले पेढे खायचो.

पुढच्या वर्षी मल्हारची मागणी एकदम पडली. 'बाहुबली' आला होता. चाळीस कच्च्या मूर्ती मिळेल त्या भावाने काढल्या आणि साचा माळ्यावर गेला. मालिका 2017च्या एप्रिलला संपली तेव्हा आमच्या कारखान्यात कुणाला पत्ताही नव्हता.

मधल्या काळात, 22 फेब्रुवारी 2016ला, 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, मालवणी बोली, आणि पहिल्याच भागात घरचा कर्ता, अण्णा नाईक, मरतो. मग मुलंबाळं गोळा होतात आणि एकेक लपवलेलं बाहेर यायला लागतं. तिकडे तळकोकणात या मालिकेवर लोक चिडले. आमची बदनामी करता, अंधश्रद्धा पसरवता असे आक्षेप घेतले गेले. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण उत्तर कोकणातल्या आम्हाला थोडा हेवाही वाटला. मालवणीला निदान भूत तरी मिळालं. आमची आगरी टीव्हीवर येते ती फक्त हसवायला. असो.

रोह्यात रात्री साडेदहाला आत्या आणि काका दोघं ती मालिका बघायचे. मी एकदा मुक्कामाला होतो. पडद्यावर अण्णांच्या बाहेरच्या भानगडींचा विषय निघाला की काका उठायचे. "पाणी पिऊन येतो." त्या एका भागात तीनदा उठले. आत्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "तांब्या हितंच ठेवत जा." आयुष्यात काकांना मी तेव्हा पहिल्यांदा लाजलेलं पाहिलं. माणूस वाईट होता का? मला त्याने सलामी दाखवायला खांद्यावर घेतलं होतं. मला नाही सांगता यायचं.

काका 2018च्या पावसाळ्यात गेले. अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला, विहिरीजवळ, एक बाई छत्री मिटून पावसात उभी होती. पन्नाशीची असेल. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. ती पुढे आली नाही. आत्याने दारातून पाहिलं आणि दार लोटलं.

आणि सहा महिन्यांनी, 14 जानेवारी 2019ला, 'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व सुरू झालं. यावेळी गोष्ट मागे गेली. अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा उभा केला की माणसाचा संताप यावा आणि नजर हलू नये. शेवंता अपूर्वा नेमळेकर. घरात राबणारी माई, शकुंतला नरे. आणि 'इसरलंय' म्हणणारा पांडू, जो करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे संवादही लिहीत. महाराष्ट्रभर गंमत झाली. ज्या माणसाचा लोकांनी राग करायचा, तोच लाडका झाला. पोरं अण्णांसारखी बोलायला लागली, मोबाइलवर त्याची चित्रं फिरू लागली, शेवंताच्या साडीची चर्चा पेणच्या कापड दुकानांत व्हायला लागली. त्या वर्षी एका मंडळाने देखाव्यासाठी 'अण्णा नाईकसारखा' पुतळा करून मागितला. बाबा तेव्हा हयात होते. या खेपेला त्यांनी विरोध केला नाही. म्हणाले, "हा कर. हा देव नाय, मानूस हाय. याचे डोले मी आखतो." आणि आखले. थरथरत्या हाताने, पण असे की रात्री कारखान्यात दिवा लावला की पोरी किंचाळायच्या. बाबांचं ते शेवटचं मोठं काम.

मला वाटलं होतं आत्या ही मालिका बघणार नाही. तिने एक भाग चुकवला नाही. फोन केला की आधी मालिका, मग तब्येत. सुरुवातीला ती शेवंतेला जे बोलायची ते इथे छापता येणार नाही. मग हळूहळू तिचा सूर बदलला. एकदा म्हणाली, "त्या माईला समदं दिसतं. लोकांना वाटतं तिला कलत नाय. दिसतं तिला." मग काही महिन्यांनी, 2020ची संक्रांत झाली असेल, सहज म्हणाली, "त्या शेवंतेला तरी काय मिलालं रं? ना घर, ना नाव. पावसात उभी ऱ्हायाची."

मालिकेत शेवंता पावसात उभी होती का, मला आठवत नाही.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. चित्रीकरणं थांबली, मालिका थांबल्या. दूरदर्शनने जुनं 'रामायण' पुन्हा लावलं, 28 मार्चपासून, आणि आत्याने ते पुन्हा पाहिलं. सीतात्यागाच्या भागात या खेपेला ती उठली की नाही ते मी विचारलं नाही. मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने शिरलं आणि म्हसळा, माणगाव, रोहा झोडपत गेलं. पेणला आमचे पत्रे थोडके उडाले, कारखान्यात पाणी आलं, दीडशे मूर्ती भिजल्या. रोह्यात वीज गेली ती गावोगाव कितीतरी दिवस आली नाही. खांब आडवे, झाडं आडवी, नारळी-पोफळीच्या बागा झोपलेल्या.

चौथ्या दिवशी मी पास काढून टेम्पो घेऊन रोह्याला गेलो. आत्याचं घर धड होतं, चार कौलं सोडली तर. मी ताडपत्र्या नेल्या होत्या, पेणचे पोहे, पापड, मेणबत्त्या. आत्याने सामान दोन वाटे करून ठेवलं. मला वाटलं, शेजाऱ्यांना. ती म्हणाली, "जाताना नागोठन्याच्या वाटंवर एक घर हाय. पत्रं गेलेत म्हनतात. हे देऊन जा." घर कुठलं ते मी विचारलं नाही. तिने खूण सांगितली, आंब्याचं झाड, निळं दार. पंचेचाळीस वर्षं रोह्यात राहून त्या वाटेवरून ती कधी गेली नव्हती, पण दाराचा रंग तिला माहीत होता.

निळं दार होतं, आंबा पडला होता. बाईंनी सामान घेतलं. कुणी पाठवलं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "त्यांच्याकडं लाइट आली का?"

हे टीव्हीमुळे झालं असं कुणी म्हणेल तर मी हो म्हणणार नाही. वय झालं होतं, काका गेले होते, वादळ आलं होतं. पण बोलायची सवय तिला म्हाळसेने लावली, माईने लावली, एवढं मी पाहिलंय.

13 जुलैपासून मालिका पुन्हा सुरू झाल्या. त्या वर्षी सरकारने घरच्या गणपतीला दोन फुटांची मर्यादा घातली होती. आत्याची मूर्ती मी 20 ऑगस्टला पोचवली. 29 ऑगस्टला, गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग होता. बरोबर त्याच रात्री रोह्यात वीज गेली. पावणेअकराला आत्याचा फोन.

"बघतंस ना?"

म्हटलं, बायको बघतेय, मी हिशेब करतोय.

"तिला दे फोन. आनि तिला सांग, अन्नाचा काय झाला ते मना नको सांगू. माई काय करते तेवढा सांग."

मी फोन बायकोकडे दिला. त्या दोघी रात्री साडेअकरापर्यंत बोलत होत्या. मालिका तर अकरालाच संपली होती.